कचऱ्याचा खर्च कोठे वाढतो?

कचऱ्याची गाडी येते, घरोघरचे डबे तिच्यात रिकामे होतात आणि गाडी दृष्टीआड होते. कचऱ्याशी आपला संबंध तेथेच संपला, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः खर्च तेथूनच सुरू होतो. गाडीचे इंधन व दुरुस्ती, चालक व सफाई कामगार यांचे वेतन आणि कचरा टाकावयाची जागा हा सारा भार लोकांच्या पैशातूनच उचलावा लागतो. सिल्वासा व वासोणा परिसरात वस्ती आणि कारखाने दोन्ही वाढले असल्यामुळे हा प्रश्न आपणां कोणासही परका नाही.

खर्च कमी करावयाचा म्हटला की पहिली कात्री बहुधा कामगारांवर चालते. माणसे कमी करा, फेऱ्या कमी करा, हातमोजे पुढच्या वर्षी पाहू! आम्हांस ही काटकसर खोटी वाटते. न उचललेला कचरा नाहीसा होत नाही. तो गटारात जातो, पहिल्याच पावसात पाणी तुंबवितो आणि गटार उपसण्याचा खर्च निराळा उभा राहतो.

खर्चाचे खरे मूळ मिसळीत आहे. आपल्याकडील घरगुती कचऱ्यात साधारणतः निम्मा भाग ओला असतो. भाजीची देठे, फळांच्या साली व उरलेले अन्न यांत पाणीच अधिक. म्हणजे इंधन जाळून आपण पाणीच वाहून नेतो. एक सोपे गणित करून पाहू. शंभर घरांतून प्रत्येकी रोज एक किलो कचरा निघतो असे धरले, तर वर्षाला ३६,५०० किलो होतो. त्यातील ओला निम्मा भाग परसातल्या खड्ड्यात कुजवून खत केले, तर १८,२५० किलो ओझे गाडीत चढतच नाही. दुसरे नुकसान याहून मोठे. कोरडा कागद विकला जातो. तोच आमटीत भिजला की त्याला कोणी विचारीत नाही. शिवाय मिसळलेला कचरा ढिगात दबून कुजू लागला की त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो. मुंबईच्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर शहरावर किती पसरला होता, हे अनेकांस स्मरत असेल.

आपल्या आजीच्या घरात अशी मिसळ होत नसे. साली गुरांपुढे जात, राखेने भांडी घासली जात, शेण-पालापाचोळा उकिरड्यात पडून शेताला खत होई, रद्दी रद्दीवाल्याकडे आणि जुने कपडे बोहारणीकडे जाऊन त्यांच्या बदल्यात भांडे येई. प्रत्येक टाकाऊ वस्तूला तिचा गिऱ्हाईक ठाऊक होता.

पुण्याने हीच गोष्ट शहराच्या प्रमाणावर केली. तेथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव प्रभृतींच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे याच कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली महापालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम पत्करले. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. घरे दरमहा थोडे शुल्क देतात, सुका कचरा विकून येणारे पैसे वेचणाऱ्यांचे होतात आणि विकला गेलेला माल वाहून नेऊन टाकण्याचा महापालिकेचा खर्च वाचतो. पूर्वी उकिरड्यात वाकून वेचणाऱ्या बाईला आता दारात निवडलेला माल मिळतो व ओळखपत्रही असते. त्या शुल्कासाठी घासाघीस करणाऱ्या सुशिक्षितांचे मात्र आम्हांस नवल वाटते.

लहान गावाला हे साधेल काय, असे कोणी विचारील. त्याने आमच्या कोंकणातील वेंगुर्ल्याकडे पाहावे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तेथील नगरपरिषदेने घरातूनच वेगळा केलेला कचरा घेण्यास सुरुवात केली. ओल्यापासून जैववायू होऊ लागला, सुका विक्रीस जाऊ लागला आणि लोक नाक धरून ज्या जागेवरून जात, ती 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ' म्हणून पाहावयास माणसे येऊ लागली.

ओला, सुका आणि घरातील घातक असे तीन भाग करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनीच घरांवर घातले होते. तरीही अनेक ठिकाणी दोन डब्यांतील कचरा शेवटी एकाच गाडीत पडतो, आणि मग घरची मेहनत फुकट जाते. यास्तव गाडीलाही वेगळे कप्पे हवेत. ते नसतील तर नागरिकांनी पंचायतीकडे वा नगरपालिकेकडे लेखी मागावेत. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी एक आठवडा घरचा ओला व सुका कचरा निरनिराळा तोलून वहीत नोंदवावा. अशा अर्जास त्या आकड्यांची जोड देता येईल. दुधाची पिशवी विसळून वाळवावी. वापरलेली पाती, सुया व फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर ठळक अक्षरांत लिहून वेगळी द्यावी, कारण कचरा निवडणारे हात पुष्कळदा उघडेच असतात.