दारूबंदीच्या मुलखातली दारू

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. म्हणून याच जिल्ह्यातल्या आरमोरीच्या अंगाने दारूवर लिहायचे तर आधी खुलासा केलेला बरा : ही प्यायची नव्हे, बंदुकीची. मराठीने दोघींना एकच नाव दिले. दिवाळीत उडते ती शोभेची दारू म्हणजे तिसरी बहीण.

इकडच्या पोलिसी बातम्यांत ‘भरमार’ हा शब्द हमखास सापडतो. पुण्याकडचा माणूस तिलाच ठासणीची बंदूक म्हणेल. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी किंवा छर्रे, आणि वरून गजाने ठासणे. तोड्याच्या बंदुकीत कानावर रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, घालून ती जळत्या जामगीने, म्हणजे वातीने, पेटवत. एकोणिसाव्या शतकात ठोक्याने पेटणारी टोपी आली आणि जामगी विझली. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, फाशी दिले, त्या काळी सरकारी शिपायाची एन्फिल्डसुद्धा ठासणीचीच होती.

बंदूक बदलत गेली, तरी काळ्या दारूचे घटक शतकानुशतके तेच राहिले : सोरा, गंधक, कोळसा. मग जुनी दारू आणि आजची दारू यांत फरक कशाचा? माझ्या मते, मुख्यतः ओलीचा.

जुन्या काळचा सोरा मातीतून धुऊन काढलेला असे. त्यात मीठ आणि इतर क्षार राहून जात, आणि हे क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. वैनगंगेच्या काठी पावसाळ्यात घरातले मीठ पाझरते, तिथे अशी दारू कोरडी कशी राहणार? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याची पक्की जाण दिसते. गडावरचा दारूखाना राहत्या घरांपासून दूर हवा, एवढे सांगून ते थांबत नाहीत. आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन द्यावे, असेही बजावतात. वाळवणात पापड असतात तशी दारू! पण त्यामागे भाबडेपणा नव्हता. ओलसर दारू नुसती फुसफुसते, आणि वेढ्यात तोफ फुसफुसली तर किल्लाच जातो.

दुसरा फरक दाण्याचा. अगदी सुरुवातीची दारू पिठासारखी होती. वाहतुकीच्या हिसक्यांनी तिचे घटक वेगळे होत आणि एक बार जोरकस, तर दुसरा मवाळ निघे. पुढे युरोपात तिचे दाणे पाडू लागले. आजच्या कारखान्यात सोरा शुद्ध केलेला असतो, दाणे चाळून एका मापाचे केलेले असतात आणि बहुतेकदा त्यांवर ग्रॅफाइटची तकाकी असते. डब्यावर इंग्रजी ‘एफ’ जितके जास्त, तितका दाणा बारीक. कोळशाची जातही महत्त्वाची. युरोपात त्यासाठी ठरावीक झाडे होती. आपल्याकडे तुरीच्या काड्यांच्या कोळशाला मान होता. वरणाच्या डाळीचे झाड तोफेच्याही कामी आले, ही गोष्ट मला फार आवडते.

एक खोड मात्र नव्या दारूतही तशीच आहे. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. थोडा पांढऱ्या धुराबरोबर उडून जातो, उरलेला नळीत काजळी होऊन बसतो. ती काजळी ओल धरते आणि लोखंड गंजते. म्हणून बार उडवल्यावर नळी पाण्याने धुवायची, हा नियम दोनशे वर्षांपूर्वी होता आणि आजच्या नेमबाजांनाही तो चुकलेला नाही.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू काढली आणि काळ्या दारूचे लष्करातले दिवस भरत आले. खरा धोका या दोघींच्या गल्लतीत आहे. बिनधुराच्या दारूचा दाब फार मोठा असतो. जुन्या मापाने ती भरमारीत भरली, तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात किंवा डोळा जातो. काळ्या दारूला पर्याय म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत पायरोडेक्स निघाले. ते ठासणीच्या बंदुकीसाठीच बनवलेले आहे, त्याला या बिनधुरीच्या रांगेत बसवू नये.

कायद्यालाही भरमार ठाऊक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तो पिकाच्या राखणीसाठी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीची वाट अरुंद केली. धानात घुसणारी रानडुकरे मात्र कायदा वाचत नाहीत. स्फोटकांच्या सरकारी वर्गवारीत बंदुकीची दारू आजही पहिल्या वर्गात आहे, आणि त्या वर्गवारीवर देखरेख ठेवणारे देशाचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.