सातबाऱ्याच्या मागे : भोर-वेल्ह्यातील शेतकरी घराण्यांचा कागदोपत्री मागोवा

भोर तालुक्यातील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. या घराण्याच्या दप्तरात जपून राहिलेली शकावली लोकमान्य टिळकांच्या प्रयत्नाने अभ्यासकांपुढे आली. शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस झाला, ही तिच्यातील नोंद मोलाची ठरली आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक स्वीकारला. मावळातील एका वतनदार घराने पिढ्यानपिढ्या कागद सांभाळले, म्हणून साऱ्या महाराष्ट्राला आपल्या इतिहासातील एक निश्चित दिवस लाभला.

परंतु ज्यांच्या घरी शकावली नव्हती, करीना नव्हता, त्यांचे काय? तोरण्याच्या पायथ्याची भात खाचरे लावणारे कुणबी, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकविणारे कोळी आणि धनगर, गावकीची चाकरी करणारे महार आणि रामोशी यांची घराणीही तितकीच जुनी आहेत. त्यांचा इतिहास कोणी हेतुपूर्वक लिहिला नाही. तो शेतसारा घेणाऱ्या सरकारच्या दप्तरात नकळत लिहिला गेला. हे दप्तर कसे वाचावे आणि त्याने काय सांगितले नाही हे कसे ओळखावे, याची माहिती शिक्षकांना, ग्रामपंचायत सदस्यांना व महसूल कर्मचाऱ्यांना उपयोगी पडावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभ आजच्या कागदापासून

घराण्याचा शोध मूळ पुरुषापासून सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. आरंभ आजच्या कागदापासून करावा आणि एकेक पायरी मागे जावे. प्रथम गाव नमुना ८-अ घ्यावा; त्यात खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणती जमीन आहे हे एकत्र दिसते. नंतर प्रत्येक जमिनीचा गाव नमुना ७ व १२, म्हणजे आपला परिचित सातबारा, पाहावा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावांजवळ वर्तुळात लिहिलेले आकडे आढळतात. ते फेरफार क्रमांक होत. ज्या नावास कंस केलेला आहे, त्या नावाचा हक्क कोणत्या तरी फेरफाराने संपुष्टात आला, असे समजावे.

या आकड्यांचा माग गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीपर्यंत जातो. खातेदार मयत झाला, भावांनी वाटप केले, जमीन गहाण पडली किंवा विकली गेली, यांपैकी काय घडले ते तेथे लिहिलेले असते. वारसांची नावे व मयताशी त्यांचे नाते गाव नमुना ६-क या वारसा नोंदवहीत मिळते. वारसाचा एक फेरफार म्हणजे बहुधा घराण्याची एक पिढी. असे तीन-चार फेरफार जोडले की वंशावळीचा कणा उभा राहतो.

वाटेत एक अडथळा हमखास येतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबविली गेली, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना व नवा क्रमांक यांचा मेळ एकत्रीकरण योजनेच्या पत्रकावरून घालावा लागतो. हे पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. क्षेत्राची मापेही बदलली. एकर व गुंठे जाऊन हेक्टर व आर आले. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि सुमारे २ एकर १९ गुंठ्यांचा हेक्टर, हे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे जमीन कमी झाली की केवळ माप बदलले, हे कळते.

१९४८ ची शीव

भोर-वेल्ह्यात मागे जाताना एक शीव ओलांडावी लागते. हा बहुतेक प्रदेश पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान तत्कालीन मुंबई राज्यात विलीन झाले. १८७९ ची जमीन महसूल संहिता व १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा हे ब्रिटिश मुलखाचे कायदे होते. ते संस्थानी गावांना आपोआप लागू नव्हते. संस्थानचा कारभार व दप्तर स्वतंत्र होते. त्यामुळे शेजारच्या हवेली तालुक्यातील गावाचा कागद ज्या क्रमाने लागतो, त्याच क्रमाने तोरण्याखालच्या गावाचा लागेल, असे गृहीत धरू नये.

नावांचीही अशीच फसगत होते. संस्थानचे बहुतेक तालुके किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवन मावळ. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा, हे ठाऊक नसेल तर हाती आलेला कागद आपल्या गावचा नव्हे असे समजून शोधक तो बाजूला ठेवील. विलीनीकरणानंतर सुधागड तालुका तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात गेला. ज्या घराण्याची जमीन घाटाच्या दोन्ही अंगांना होती, त्याचा अर्धा इतिहास पालीच्या कचेरीत शोधावा लागतो. नावे बदलण्याची ही परंपरा अद्याप थांबलेली नाही. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. उद्याच्या संशोधकाने हेही ध्यानात ठेवावे.

जुन्या कागदांची लिपी बहुधा मोडी आणि कालगणना निराळी असते. शके सनात ७८ मिळविले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन येतो. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवावे. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. फसली वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते, म्हणून एकाच फसली वर्षात दोन इसवी सने येतात. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा आणि ‘अमुक कोम तमुक’ म्हणजे तमुकची पत्नी, एवढे शब्दज्ञान असले तरी निम्मे काम होते.

मृत्युपत्र क्वचितच का आढळते

इंग्लंड-युरोपातील घराण्यांचा माग काढताना मृत्युपत्र हा पहिला आधार समजला जातो. आपल्याकडे शेतकऱ्याचे जुने मृत्युपत्र विरळा. याचे कारण केवळ निरक्षरता नव्हे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात अविभक्त हिश्शाची मृत्युपत्राने विल्हेवाट लावण्याचा अधिकारच सहहिस्सेदाराला नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३० ने तो प्रथम मिळाला. तोपर्यंत मृत्युपत्राचे काम वाटणीपत्र, दत्तकपत्र, बक्षीसपत्र आणि पंचांसमक्ष झालेला महजर यांनी केले. म्हणून शोधकाने ‘मृत्युपत्र नाही’ म्हणून निराश न होता वाटणीचा कागद शोधावा.

अलीकडच्या काळात मृत्युपत्रे वाढली आहेत. त्यांची नोंदणी सक्तीची नाही. परंतु ती झालेली असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयातील पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंद असते आणि मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतर कोणाही अर्जदारास तिची नक्कल मिळू शकते.

सोळा आण्यांची बेरीज

जुन्या दप्तरात हिस्से आणे-पैत मांडलेले असतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण मिळकत आणि एका आण्याच्या बारा पै. ही मांडणी शोधकाला फार उपकारक ठरते. तीन भावांत समान वाटणी झाली, तर प्रत्येकाचा हिस्सा ५ आणे ४ पै. त्यांपैकी एका भावाच्या मागे दोन मुलगे राहिले, तर त्यांचा प्रत्येकी २ आणे ८ पै. आता एखाद्या कागदावर एक नाव ५ आणे ४ पैंचे आणि दोन नावे २ आणे ८ पैंची असतील, तर बेरीज १० आणे ८ पै भरते. उरलेले ५ आणे ४ पै कोठे गेले? तिसऱ्या भावाची शाखा हरवली आहे, हे या बेरजेनेच सांगितले. तो मुंबईस पोटासाठी गेला असेल, निपुत्रिक वारला असेल किंवा त्याने आपला हिस्सा विकला असेल. बेरीज सोळा आणे होईपर्यंत शोध पुरा झाला असे मानू नये.

कागदाने न सांगितलेले

दप्तर सारा भरणाऱ्याचे नाव लिहिते. राबणाऱ्या प्रत्येकाचे नाही. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ही अक्षरे थोरल्या भावाच्या नावापुढे दिसली की धाकट्या भावांचे हक्क त्या एका नावाखाली झाकलेले आहेत असे समजावे. कालांतराने ती अक्षरे नकलेत गळतात आणि थोरल्याचे वारस एकटेच मालक दिसू लागतात. गावोगावच्या अनेक वादांचे मूळ या गळलेल्या अक्षरांत आहे.

कुळांची नावे बराच काळ मालकाच्या नावाआड राहिली. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनंतर ती भोगवटदार म्हणून पुढे आली. महार व रामोशी घराण्यांचा माग वतनाच्या कागदांत आणि १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्यानुसार झालेल्या फेरप्रदानाच्या नोंदींत लागतो.

सर्वांत मोठे मौन लेकींविषयी आहे. कित्येक वारस नोंदींत मुलींची नावे एक तर आलीच नाहीत किंवा ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले. हा हक्क जन्मसिद्ध आहे. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. स्थावर मिळकतीतील हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. चहाच्या बैठकीत घेतलेली सही त्याची जागा घेऊ शकत नाही. वंशावळ लिहिताना बहिणीचे नाव गाळणे ही केवळ इतिहासातील चूक राहत नाही, ती जिवंत माणसावरील अन्यायाची सुरुवात ठरते.

धरणांच्या या मुलखात तर कागदाचे मोल अधिकच. भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, निरा देवघर अशा जलाशयांखाली खाचरे आणि गावठाणे गेली. जमीन पाण्याखाली गेल्यावर घराण्याचा त्या भूमीशी असलेला संबंध दाखविणारी खूण कागदाखेरीज उरत नाही. मोबदला, पर्यायी जमीन, प्रकल्पग्रस्ताचा दाखला या साऱ्यांसाठी वारस नोंद लागते. आणि आजोबांच्या मृत्यूनंतर जी करावयाची राहिली, ती नातवाला तीन पिढ्यांचे दाखले जमवून करावी लागते.

गावाने काय करावे

कायद्याने वारसाहक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्यास, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, द्यावयाची असते. ग्रामपंचायतीने मृत्यूची नोंद होताच त्या कुटुंबास याची आठवण करून द्यावी. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते तेव्हा हरकतीस पंधरा दिवस असतात. तिचे ग्रामसभेत वाचन झाल्यास परगावी दिलेल्या लेकीपर्यंत आणि मुंबईतल्या भावापर्यंत बातमी पोहोचेल. मात्र फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम निवाडा नव्हे. वाद उद्भवल्यास तो दिवाणी न्यायालयात सोडवावा लागतो, हेही सांगितले पाहिजे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आजी-आजोबांच्या तोंडून चार पिढ्यांची नावे लिहून घ्यावीत, माहेरवाशिणींसह. शाळेचे जुने जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ ची कोतवाल बुके, पंढरपूर-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या यांच्याशी ती ताडून पाहता येतील. तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांतील जुन्या अभिलेखांचे संगणकीय चित्रण झाल्याने नक्कल मिळणे सुलभ झाले आहे; परंतु मोडी वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. घरातील ट्रंकेत मोडी कागद असतील तर ते फाडू नयेत, त्यांवर चिकटपट्टी लावू नये. पुणे पुराभिलेखागार किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे जाणकारांची चौकशी करावी.

कारीच्या एका घराने कागद जपला म्हणून शिवजन्माची तिथी सापडली. प्रत्येक घराच्या कागदात अशी तिथी मिळणार नाही हे खरे. तथापि कोणाची मुलगी, कोणाचा धाकटा भाऊ, कोणाचे कूळ या भूमीवर राबले, हे त्यात निश्चित मिळेल. सोळा आण्यांची ती बेरीज पुरी करणे हे इतिहासाचे काम आहे, तसेच न्यायाचेही.