चमत्कार तेथे नमस्कार

जे कसे घडते ते कळत नाही, त्यापुढे आपले हात आपोआप जोडले जातात. 'चमत्कार तेथे नमस्कार' ही म्हण ज्याने केली, त्याने माणसाचा स्वभाव अचूक हेरला होता. हल्ली हा नमस्कार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाट्याला आलेला दिसतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले. आता मुलाने कोणती शाखा घ्यावी इथपासून रुसलेल्या सुनेशी कसे बोलावे इथपर्यंत सारे त्याला विचारले जाते. 'त्यानं असं सांगितलं' हे वाक्य मी अशा सुरात ऐकतो की, 'महाराज म्हणाले' म्हणून सांगणारी जुनी मंडळीच मला आठवतात.

हा सूर मात्र आजचा नव्हे. त्याची जन्मकथा पाहायची तर साठ वर्षे मागे, अमेरिकेत जायला हवे. तेथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. जन्म बर्लिनचा, १९२३ सालचा. कुटुंब ज्यू, म्हणून हिटलरच्या राजवटीत, १९३६ साली, देश सोडावा लागलेला. १९६६ साली त्यांनी माणसाशी लेखी संभाषण करणारी एक संगणकीय आज्ञावली प्रसिद्ध केली. नाव ठेवले एलिझा. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातली ही फुलवाली. पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी'मध्ये तिची मंजुळा केली, तेव्हा आपल्याला ती परकी नाही.

एलिझाने सोंग घेतले होते मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरचे. युक्ती अगदी साधी. तुम्ही 'आई' हा शब्द लिहिलात की ती घरच्या माणसांविषयी विचारणार. 'माझे'चे 'तुमचे' करून तुमचेच वाक्य तुम्हाला परत देणार. ओळखीचा शब्द सापडलाच नाही तर 'बरं, पुढे सांगा' म्हणणार. आई म्हणजे काय आणि दुःख म्हणजे काय, याचा तिला गंधही नव्हता.

आता गंमत पाहा. वायझेनबाउम यांची सेक्रेटरी हे काम कित्येक महिने डोळ्यांदेखत पाहत होती. पण स्वतः एलिझाशी बोलायला बसली आणि दोन-चार प्रश्नोत्तरे होताच तिने प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जायला सांगितले! काही मानसोपचारतज्ज्ञांना तर यातून रोग्यांवर यंत्रानेच उपचार करता येतील अशी आशा वाटू लागली. वायझेनबाउम हादरले. १९७६ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले, आणि २००८ साली मृत्यू येईपर्यंत ते बजावत राहिले, की काही कामे यंत्राला जमली तरी ती त्याच्यावर सोपवू नयेत.

माझ्या मते या गोष्टीतली जादू यंत्रात नव्हतीच. न टोकता आपले ऐकून घेणारे कोणीतरी हवे, ही जी माणसाची भूक, तिने त्या कागदावरच्या अक्षरांत जीव ओतला.

आजची यंत्रे एलिझाच्या कितीतरी पुढे गेली आहेत, हे खरे. अफाट मजकूर त्यांच्यापुढून गेलेला असतो आणि पुढे कोणता शब्द यावा याचा हिशेब करीत ती उत्तर रचतात. त्यातून उपयुक्त असे पुष्कळ हाती लागते. पण सफाईदार वाक्य म्हणजे खरे वाक्य नव्हे. बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर ही दोन्ही एकाच गोड, ठाम भाषेत येतात, आणि धोका तेथेच आहे.

कोकणात देवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवून गुरव गाऱ्हाणे घालतो. उजवी पडली की होकार. त्या कौलावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो, गुरव निदान गावचा असतो. कौल फसला तर देवळाच्या पायरीवर गाठून त्याला जाब विचारता येतो. पडद्यावरच्या या नव्या गुरवाला कोठे गाठणार?

म्हणून माझे सांगणे एवढेच, की यंत्राला खुशाल विचारा. पत्राचा मसुदा करून घ्या, मुलांना गणित समजावून घ्या. मात्र औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, पैसे गुंतवण्यापूर्वी कागदपत्रे स्वतः वाचा. आणि सून रुसली असेल तर दोन कप चहा करा, एक तिच्यापुढे ठेवा आणि ती काय म्हणते ते ऐका.