‘पाहिजे’ : जुन्या कर्मणी रूपाचा आजचा संसार

शिरूरच्या घोडनदीकाठी किंवा दौंडच्या उसाच्या फडात ‘पाणी पायजे’ हे वाक्य दिवसातून कितीदा तरी कानावर येतं. ही बोलीतली मोडतोड नव्हे. प्रमाण मराठीतलं ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ धातूचं मध्ययुगीन कर्मणी रूप आहे; अर्थ ‘पाहिलं जातं’, म्हणजे ‘शोधलं जातं’. जे शोधलं जातं ते हवं असतं, असा अर्थ सरकत गेला.

त्याची घडण अशी: संस्कृत कर्मणीतला ‘य’ प्राकृतात ‘-इज्ज-’ झाला, मराठीत ‘-इजे’. ज्ञानेश्वरीत (इ.स. १२९०) ‘कीजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ अशी रूपं जागोजागी सापडतात. पुढे ही रचना मावळली. तिचे दोनच वारस रोजच्या बोलण्यात ठणठणीत राहिले, ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’.

‘पाहिजे’ लिंगानुसार बदलत नाही: बैल पाहिजे, भाकरी पाहिजे. अनेकवचनी ‘पाहिजेत’, भूतकाळी ‘पाहिजे होतं’. ‘मला पाहिजे’ ही गरज, तर ‘मी केलं पाहिजे’ हे कर्तव्य. ग्रामीण बोलीत भविष्याचा ‘ल’ जोडून ‘पाहिजेल’ही होतं, आणि ते रूप मला फार जिवंत वाटतं.

जुनं रूप गोठून गरजेचा किंवा सक्तीचा अर्थ घेतं, असं जर्मानिक भाषांतही घडलं आहे. इंग्रजी ‘मस्ट’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘मोटन’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप. आज ते वर्तमानातली सक्ती सांगतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडची ‘पाहिजेल’सारखी रूपं वाचकांनी वहीत जरूर टिपून ठेवावीत.