डबल बास : एक वाद्य, दोन घरे

तंबोरा घेताना गवयाचा आवाज पाहून भोपळा निवडतात. पुरुषाच्या तंबोऱ्याचा मोठा, स्त्रीच्या तंबोऱ्याचा लहान. डबल बास या पाश्चात्त्य वाद्याच्या बाबतीत मात्र निवड अधिक अवघड असते. कारण अनेक वादकांना या एकाच वाद्याकडून वाद्यवृंद आणि जाझ अशा दोन घरची चाकरी करून घ्यायची असते.

माणसाच्या उंचीचे, सामान्यतः चार तारांचे हे वाद्य उभे धरून वाजवितात. त्याची सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. वाद्यवृंदात सहा-आठ बास एकत्र, प्रामुख्याने गजाने वाजतात. जाझमध्ये बहुधा एकच बास असतो. त्याच्या तारा बोटांनी छेडतात आणि ताल व स्वर या दोहोंचा भार तो वाहतो.

मुंबईत ही दोन्ही घरे एकाच सुमारास वसली. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. त्याच वर्षी लिऑन अ‍ॅबी यांचा जाझ वाद्यमेळ ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोव्याचे अनेक वादक हॉटेल, चित्रपटांचे स्टुडिओ आणि सिंफनी अशा तिन्ही ठिकाणी वाजवीत. मेहलींचे पुत्र झुबिन मेहता १९५४ साली व्हिएन्नाला गेले, तेव्हा संगीतसंचालनाबरोबर त्यांनी शिकलेले वाद्य डबल बासच होते.

आता आकाराकडे वळू. व्हायोलिनच्या घाटाच्या बासाला कमरेशी टोकदार कोपरे असतात. जुन्या ‘गाम्बा’ घाटाचे कोपरे बोथट असतात. परंतु कोपऱ्यांपेक्षा खांदे महत्त्वाचे. वरच्या सप्तकात वाजविताना डावा हात खांद्यावरून पुढे न्यावा लागतो. खांदे रुंद व चौकोनी असतील तर हात अडतो. उतरते असतील तर सहज पोहोचतो. जाझमधील एकलवादनाला ही सोय फार मोलाची. उलट, पोट मोठे असले की आत हवा अधिक मावते आणि खर्ज भरदार होतो. वाद्यवृंदाला तो हवाच असतो. म्हणून बहुतेक प्रौढ वादक ‘पाऊण’ मापाचा बास घेऊन मधला मार्ग काढतात.

पाठ सपाट की फुगीर, हा वेगळा प्रश्न. दोन्ही घाटांत दोन्ही प्रकार आढळतात. सपाट पाठीला आतून आडव्या पट्ट्या लावतात. दमट हवेत पाठीचे लाकूड रुंदीत फुगते, कोरड्या हवेत आकसते. पट्ट्या मात्र लांबीत फारशा बदलत नाहीत. या ओढाताणीत भेगा पडतात. मुंबईचा पावसाळा आणि मराठवाड्याचा उन्हाळा ज्या वाद्याला सोसायचा आहे, त्याला फुगीर पाठ अधिक मानवते. प्लायवूडचा बास त्याहून काटक व स्वस्त. जाझला तो चालतो, पण गजाखाली त्याचा स्वर बहुधा दबतो. पुढची फळी अस्सल लाकडाची आणि पाठ प्लायवूडची, असा संकरित बासही मिळतो. ज्याच्या हाती पैसा थोडा आहे, त्याने तो अवश्य पाहावा.

दोन्ही घरे सांभाळायची असतील तर उतरते खांदे, मध्यम पोट आणि फुगीर पाठ ही जोडणी समंजसपणाची. मात्र अखेरचा निर्णय कानाने करावा. खर्जाच्या तारेवर गज सावकाश ओढावा, मग वरच्या सप्तकात बोटांनी वाजवावे आणि एखाद्या मित्राला दूर उभे करून ऐकायला सांगावे. कारण या वाद्याचा आवाज वादकाला जवळून एक आणि श्रोत्याला दुरून वेगळाच ऐकू येतो.