झाड 50 वर्षांचं आहे का? टेप आणि मोबाईलने अंदाज कसा काढायचा

नागपुरात रस्ता रुंद करायचा असो की उड्डाणपूल बांधायचा, वाटेत जुनी झाडं येतातच. 2021 मध्ये अजनीच्या इंटरमोडल स्टेशनचा वाद आठवत असेल. रेल्वे कॉलनीतली झाडं वाचवायला लोक 'अजनी वन' म्हणत पुढे आले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. अशा वादात झाडाचं वय फार महत्त्वाचं ठरतं. ते कसं, हे आज समजून घेऊ.

वयाला एवढं महत्त्व का?

राज्याचा शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 चा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्यात 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा दिला. शिवाय झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. म्हणजे कागदावर 80 च्या जागी 40 लिहिलं, तर दर्जाही गेला आणि 40 रोपंही कमी झाली.

वय मोजतात कसं?

खोडातली वर्तुळं मोजायची, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यासाठी झाड कापावं लागतं, किंवा बारीक पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलसारखा नमुना काढावा लागतो. त्यात सागाची वर्तुळं स्पष्ट दिसतात. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांची तशी दिसत नाहीत. म्हणून घेरावरून अंदाज काढतात:

1. जमिनीपासून 1.37 मीटर, म्हणजे साडेचार फुटांवर, खोडाला टेप गुंडाळा.
2. आलेल्या घेराला 3.14 ने भागा. हा झाला व्यास.
3. व्यासाला त्या जातीच्या वर्षाच्या वाढीने भागा.

समजा, एका कडुनिंबाचा घेर 250 सेंमी आहे. व्यास साधारण 80 सेंमी. वर्षाला 1 सेंमी वाढ धरली तर वय 80. दीड सेंमी धरली तर 53. आणि 2 सेंमी धरली तर फक्त 40!

खरी गोम इथेच आहे. टेप सगळ्यांचा सारखाच, पण वाढीचा आकडा कोणी आणि कशावरून धरला, हे विचारायलाच हवं. सिमेंटने वेढलेल्या मुळांना हवा-पाणी कमी मिळतं, झाड हळू वाढतं. बागेतल्या झाडाचा दर त्याला लावला तर वय कमीच निघणार. वडाच्या पारंब्या खोडाला चिकटलेल्या असतील तर घेरही फसवतो.

तुम्ही काय करू शकता?

- जीपीएस आणि तारीख उमटणाऱ्या कॅमेरा ॲपने पूर्ण झाडाचा आणि टेप लावलेल्या खोडाचा फोटो घ्या.
- गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या उपग्रह प्रतिमा पाहा. त्या 50 वर्षं मागे जात नाहीत, पण झाड तेव्हाही डेरेदार होतं हे दिसू शकतं.
- मोहल्ल्यातल्या घरांमधले जुने फोटो शोधा. 1970 च्या लग्नाच्या फोटोत मागे तेच झाड दिसलं, तर तो सूत्रापेक्षा भक्कम पुरावा.

ही नोंद आत्ताच करून ठेवा. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात, पण मुदत थोडी असते. नोटीस लागल्यावर टेप शोधत बसलो, तर माझ्या मते निम्मी लढाई तिथेच हरलो.