द्राक्षमद्याची चित्रलेबले

द्राक्षांचे पीक वर्षातून एकदाच येते आणि कोणत्याही दोन वर्षांचे पीक सर्वस्वी सारखे नसते. ऊन किती पडले, तोडणीच्या दिवसांत पाऊस आला की नाही, यांवर त्या वर्षीच्या मद्याची चव ठरते. म्हणूनच द्राक्षमद्याच्या बाटलीवर सालाला एवढे महत्त्व. पण बाटलीची काच गडद असते आणि बूच काढल्यावाचून चव कळत नाही. तेव्हा ग्राहकाने विश्वास ठेवावयाचा तो वर चिकटविलेल्या कागदाच्या तुकड्यावर. हा तुकडा दरवर्षी नव्या चित्रकाराच्या हाती सोपविण्याची प्रथा फ्रान्समधील बोर्दो प्रांतातल्या ‘शातो मूटाँ-रोथशिल्ड’ या मळ्याने जगप्रसिद्ध केली.

1922 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, फिलिप द रोथशिल्ड या मळ्याचा कारभार पाहू लागले. त्या काळी मळेवाले आपले मद्य पिपांतून व्यापाऱ्यांना विकीत. बाटल्या भरणे आणि लेबल लावणे ही कामे बहुधा व्यापाऱ्याकडेच असत. साहजिकच बाटलीत अखेर काय गेले, याची हमी मळेवाल्याला देता येत नसे. फिलिप यांनी सर्व मद्य मळ्यावरच बाटल्यांत भरण्याचे ठरविले आणि 1924 च्या पिकासाठी जाँ कार्ल्यू या जाहिरात-चित्रकाराकडून नवे लेबल करून घेतले. त्यावर मेंढ्याचे मस्तक होते आणि रोथशिल्ड घराण्याचे पाच बाण होते. फ्रेंच भाषेत ‘मूटाँ’ म्हणजे मेंढरू. पण हा प्रयोग काळाच्या पुढचा ठरला आणि काही वर्षांतच मागे पडला.

त्याला पुन्हा जीव आला तो महायुद्ध संपल्यावर. 1945 च्या लेबलासाठी फिलिप ज्यूलियाँ या तरुण चित्रकाराने विजयाचे चिन्ह म्हणून रोमन ‘व्ही’ हे अक्षर रेखाटले. तेव्हापासून दरवर्षी नवे चित्र, हा जवळजवळ नियमच झाला. 1947 साली कोक्तो, 1955 साली ब्राक, 1958 साली दाली, 1964 साली हेन्री मूर, 1970 साली शागाल, असे एकेक कलावंत या मालिकेत आले. त्यांना मोबदला पैशांत मिळत नसे, मद्याच्या पेट्यांत मिळे. 2009 च्या पिकाचे चित्र अनीश कपूर यांचे आहे. 1954 साली मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकाराचे नाव मालिकेत पाहून भारतीय रसिकाला विशेष आनंद व्हावा.

विषय निवडण्याची कलावंताला बरीच मोकळीक असते; मात्र जागा ठरलेली असते. चित्र लेबलाच्या वरच्या पट्ट्यात येते. खाली मळ्याचे नाव आणि साल असते. कागद बाटलीच्या वळणावर बसत असल्याने समोरून त्याचा मधला भागच नीट दिसतो; बारीक तपशील कडेला गेला की हरवतो. वरचे चित्र बदलत राहते, खालची मांडणी ओळखीची राहते, म्हणून प्रत्येक बाटली नवी वाटूनही परकी वाटत नाही.

कधी इतिहासच चित्र निवडतो. 1855 च्या प्रतवारीत दुसऱ्या श्रेणीत गणलेल्या या मळ्याला 1973 साली पहिली श्रेणी मिळाली. त्याच वर्षी पिकासो निवर्तले. त्या सालच्या लेबलावर त्यांचेच चित्र छापून आनंद आणि आदरांजली ही दोन्ही एका कागदावर आणली गेली.

पण बाटली देशोदेशी जाते आणि सगळीकडची नजर सारखी नसते. 1993 च्या लेबलावर बाल्थुस यांनी काढलेले एका नग्न किशोरवयीन मुलीचे रेखाचित्र होते. अमेरिकेत त्याला आक्षेप घेतला गेला. तेव्हा तेथे पाठविण्याच्या बाटल्यांवरून मळ्याने चित्र काढून घेतले. पण त्या जागी दुसरे चित्र घातले नाही. जागा कोरीच ठेवली. पुढे संग्राहक चित्राचे आणि कोरे, अशी दोन्ही लेबले शोधू लागले.

त्या कोऱ्या लेबलावरही मळ्याचे नाव आणि साल मात्र होतेच. चित्र बाटलीकडे नजर वेधते, त्या वर्षाची आठवण जपते. परंतु आतल्या मद्याची जबाबदारी घेतात ती खालची ही दोन साधी अक्षरचिन्हे. 1924 साली लेबल व्यापाऱ्याच्या हातून मळेवाल्याच्या हाती आले, ते या जबाबदारीसाठीच. चित्रांची एवढी मोठी मालिका तिच्याच आधाराने उभी राहिली.